वीतभर अंतरावर

1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरवलं, तेही हॉटेलच्या खोलीत. माइक नव्हता. भोंग्याच्या तोंडाशी उभं राहायचं, खडा आवाज लावायचा आणि सगळा राग तीनेक मिनिटांत आटपायचा.

आज भोंग्याच्या जागी पानाच्या डब्याएवढी डबी आली आहे. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. कंडेन्सर माइकला लागणारा 48 व्होल्टचा दाब ती पुरवते, माइककडून आलेला अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाढवते आणि सेकंदाला 44,100 वेळा मोजून त्याचे आकडे लॅपटॉपला देते. बहुतेक डब्या यूएसबीच्याच विजेवर चालतात.

नवशिक्याची पहिली चूक गेनच्या, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याच्या, गोल बटणावर होते. माझीही झाली. मंद्रातला षड्ज नीट ऐकू यावा म्हणून गेन वाढवला आणि अंतऱ्याला तार षड्ज लागताच लाल दिवा पेटला. आवाजाची लाट माथ्यावर एकदा छाटली गेली, की ती पुन्हा नीट जोडता येत नाही. म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात जोरकस जागा आधी गाऊन पाहावी आणि काटा उणे 10 ते 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. आवाज बारीक वाटला तरी घाबरू नये. सीडीच्या 16 बिटांत मोठ्या-लहान आवाजातलं अंतर सुमारे 96 डेसिबल मावतं, 24 बिटांत कागदोपत्री 144. हलका आवाज नंतर सहज वाढवता येतो.

दुसरा घोळ उशिराचा. आकडे लॅपटॉपात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत वेळ जातो. आकडे काही काळ साठवणारा बफर 512 आकड्यांचा ठेवला, तर एका वाटेलाच साडेअकरा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे आपलाच गळा दिवाणखान्याच्या पलीकडच्या टोकाला बसून गातोय असं वाटतं. ताल सुटतो, आणि आपण दोष देतो स्वतःच्या लयीला! डबीवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर ते दाबावं. मग गळा लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. तानपुऱ्याचं अॅपही कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवरच लावावं, नाहीतर माइक तेही टिपतो.

तरी माझं मत विचाराल, तर महागड्या डबीपेक्षा गोधडी मोठी. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परतवतात, आणि एकदा मुद्रित झालेला तो घुमारा काढणं फार अवघड. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर माइक ठेवा, गाणाऱ्याच्या पाठीमागे गोधडी टांगा. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरपा. ‘भ’ आणि ‘फ’चा वारा सरळ आत घुसला, की अभंगातला ‘भक्ती’ शब्द फटाक्यासारखा वाजतो.

पंखा बंद. कुकर नंतर. बारीक गुणगुण येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानंच ती जाते.

आणि गाऊन झालं की लगेच थांबवू नका. दहा सेकंद खोलीची नुसती शांतता मुद्रित होऊ द्या. दोन कडवी जोडताना मध्ये ठिगळ लावायला तीच लागते.