एरर दाखवते एक आकडा, पॅकेजवर असतो दुसरा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत, घरी बसून मी हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरची देखभाल करतो. त्यातला जुना वेब प्रोजेक्ट डॉटनेट फ्रेमवर्क 4.7.2 वर आहे, नवी सेवा डॉटनेट 8 वर. दोघांना लागणारा कोड तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये असतो आणि तो डॉटनेट स्टँडर्ड 2.0 वरच ठेवावा लागतो. 2017 साली आलेलं हे स्टँडर्ड जुन्यालाही चालतं, नव्यालाही.

खरी डोकेदुखी पॅकेजची. बिल्ड व्यवस्थित होतं, साइट उघडते, आणि कुणी रिपोर्ट मागितला की एरर येते: न्यूटनसॉफ्ट डॉट जेसन लोड झालं नाही, मागितलेलं आणि सापडलेलं व्हर्जन जुळत नाही. ही लायब्ररी एखाद्या प्रोजेक्टने थेट घेतलेली असते, दुसऱ्यात ती भलत्याच पॅकेजमागून आलेली असते. जुनं फ्रेमवर्क अशा स्ट्राँग नेम असलेल्या डीएलएलचं नेमकं तेच व्हर्जन मागतं. दुसरं चालवून घ्यायचं तर वेब डॉट कॉन्फिगमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट लिहावा लागतो. पॅकेज वाढवलं आणि रिडायरेक्ट जुनाच राहिला, की हीच एरर.

नवखी मुलं अडकतात ती आकड्यांत. पॅकेज 13.0.3 असतं, पण आतल्या डीएलएलचं असेंब्ली व्हर्जन 13.0.0.0. एरर दुसरा आकडा दाखवते आणि रिडायरेक्टमध्येही तोच लागतो. तिथे 13.0.3 लिहिलं तर दुपार वाया जाते.

अशा वेळी ‘कॅशे साफ कर’ हा सल्ला सर्रास मिळतो. मी तो शेवटी ठेवतो. एकदा उतरवलेली पॅकेजेस नुगेट युजरच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं, पुन्हा नेटवर जात नाही. लाइट गेलेली, वायफाय बंद आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाललेलं असताना ही साठवण फार मोलाची.

त्याऐवजी कोण काय मागतंय ते आधी बघतो. नव्या प्रोजेक्टमध्ये ‘डॉटनेट लिस्ट पॅकेज’ला ‘इन्क्लूड ट्रान्झिटिव्ह’ जोडलं की मागून आलेली पॅकेजेसही दिसतात. जुन्याची पॅकेजेस डॉट कॉन्फिग फाइल मात्र डोळ्यांनीच वाचायची. मग सगळ्यांना वरच्या व्हर्जनवर आणायचं. खाली उतरणं सोपं वाटतं, पण 13.0.1 च्या आधीचं न्यूटनसॉफ्ट खूप खोल गुंफलेला जेसन दिला तर कोसळू शकतं. ती सुरक्षेची त्रुटी आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये अशी उतरण झाली तर एनयू1605 एरर देऊन काम तिथेच थांबतं, आणि ते योग्यच आहे.

नव्या प्रोजेक्टांची व्हर्जनं डिरेक्टरी डॉट पॅकेजेस डॉट प्रॉप्स या एकाच फाइलमध्ये लिहिता येतात. नुगेटने ही सोय 2022 मध्ये दिली. पॅकेजेस डॉट कॉन्फिगवाल्या प्रोजेक्टला ती लागू होत नाही, तिथे हातानेच जुळवायचं. तुमच्याकडेही असे जुने-नवे प्रोजेक्ट शेजारी नांदत असतील, तर व्हर्जन बदलताना कुठल्या पॅकेजसाठी बदललं हे कमिटमध्ये एका ओळीत नक्की लिहा.