बियांपासून खजूर : रोप घेण्यापूर्वी

रमजाननंतर खजुराच्या बिया कुंडीत लावून पाहणारे बंधू पुष्कळ आहेत. उष्ण हवेत त्या सहज रुजतात. पण मदिनेच्या अजवाची बी लावली म्हणून अजवाच मिळेल, असे नाही. त्या नावाने बियांची रोपे महाग विकणाऱ्यांपासून आमच्या वाचकांनी सावध राहावे. खजुरात नर-मादी झाडे वेगळी असतात. बियांतून साधारण निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे काही वर्षे, कळत नाही. तोवर जमीन, पाणी, पैसा अडकतो! खात्रीच्या जातीसाठी मादी झाडाच्या बुंध्यालगतचा फुटवा किंवा ऊतिसंवर्धित रोपच घ्यावे. कच्छमध्ये बियांवरच्या जुन्या बागा आहेत. तिथे पावसाच्या भीतीने जून-जुलैत फळ कडक असतानाच उतरवून ओली खारीक म्हणून विकतात. कोकणच्या पावसात तेवढीही सवड मिळणे कठीण.