साखळी नसलेली मोटारसायकल

सायकलची साखळी आपणां सर्वांना ठाऊक आहे. धुळीने ती झिजते, सैल पडते. कधी भर वाटेत तुटते. साखळीवाचून चाक फिरेल का? फिरेल. कसे ते पाहू.

जर्मनीत म्युनिक शहरी बीएमडब्ल्यू हा कारखाना विमानांची इंजिने करी. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला. १९१९ च्या तहाने विमानांच्या कामावर बंदी आली. हातचे काम गेले. पण कसब थोडेच गेले? कारखान्याचे इंजिनियर मॅक्स फ्रिट्स यांनी मोटारसायकल आखली. १९२३ साली ती लोकांपुढे आली.

तिच्या इंजिनाला दोन सिलिंडर, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाहेर असल्याने ते वाऱ्याने थंड राहतात. आतले दोन्ही दट्टे एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात. एक हात झटकला तर अंग हलते. दोन्ही हात एकदम पसरले तर हलत नाही. तसेच हे. त्यामुळे गाडी कमी थरथरते.

इंजिनाकडून मागे एक लोखंडी दांडा जातो. तो दातेरी चाकांच्या जोरावर मागचे चाक फिरवतो. पुढे हा दांडा बंद नळीत, तेलात फिरू लागला. मग त्याला धूळ लागेना. ही रचना जड आणि महाग खरी. पण लांबच्या वाटेला भरवशाची. म्हणून अशा गाड्या आजही निघतात.

एक काम बंद पडले, तरी शिकलेले हात दुसरे काम उभे करतात. आम्हांला यात हीच गोष्ट मोठी वाटते.