कंबर कां धरते?

कंबर धरली कीं रोगी ओझ्यास, नाहींतर थंडी-पावसास दोष देतो. फिजिओथेरपिस्टही बहुधा शरीरावरील ताणच कारण मानतात. हें कितपत खरें? सिडनी येथील संशोधकांनीं ९९९ रोग्यांस विचारून २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. जड ओझें, अवघडून काम करणें व थकवा हीं कारणें खरीं ठरलीं. परंतु लक्ष दुसरीकडे असतां काम केल्यास दुखणें उद्भवण्याचा संभव सुमारें २५ पट दिसला! थंडी-पावसाचा दोष मात्र तेथीलच २०१४ सालच्या शोधांत आढळला नाहीं. यास्तव, विद्यार्थ्यांनो, घागर अवश्य उचला, पण चित्त ठिकाणावर ठेवा. पालकांनींही थकल्यावर क्षणभर विसांवा घ्यावा. श्रम टाळणें नव्हे, तर सावधपणें श्रम करणें हीच ईश्वरदत्त देहाची खरी निगा होय, असें आम्हांस वाटतें.