व्हाउचरवरचं नाव

भिंतीवर खिळे कमी पडतात. मग कुणीतरी नायलॉनची दोरी आणतं, दोन खिडक्यांच्या गजांना बांधतं आणि उरलेली चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी लटकतात. सोलापूरच्या पूर्व भागातली ही खोली. खाली पावरलूम, वर सरांचा चित्रकलेचा क्लास. खालचे माग चालू आहेत, त्यामुळे बोलणारा प्रत्येक जण जरा ओरडूनच बोलतो. शोकसभेला हे एका अर्थी बरंच. कुणाला गळा दाटून वगैरे बोलता येत नाही.

गेलीय ती अव्वा. चाळिशीत पहिल्यांदा मॉडेल म्हणून बसली, सत्तरी उलटेपर्यंत बसत राहिली. या क्लासात, गावातल्या चित्रकला महाविद्यालयात, कधी कुणाच्या घरच्या गच्चीवर. इथं जमलेल्यांत शाळेतले कलाशिक्षक आहेत, एक फ्लेक्स छापणारा, एक पुण्यात जाहिरात संस्थेत असलेली, दोघं नुसते चित्रकार. माणसाचं डोकं मानेवर कसं बसलेलं असतं, हे सगळे जण अव्वाकडे बघून शिकले.

सर चित्रं वर्षांप्रमाणे लावायला सांगतात. ते काही जमत नाही, कारण निम्म्या कागदांवर तारीखच नाही. शेवटी तिच्या केसांवरून क्रम लागतो. दाराजवळ काळा घट्ट अंबाडा, खिडकीशी पोचेपर्यंत तो सुपारीएवढा झालेला. मधल्या कुठल्यातरी वर्षी समोरचा दात गेला. तिथून पुढे ओठांची रेघच बदलते. चारकोल, पेन्सिल, जलरंग, एक तैलचित्र. लुगड्याचा काठ मात्र बहुतेक चित्रांत तोच.

चित्रांखालची शीर्षकं वाचत मी पुढे सरकतो. 'वार्धक्य'. 'प्रतीक्षा'. 'व्यथा'. परत 'प्रतीक्षा'. 'वार्धक्य' काढलं तेव्हा अव्वा पंचेचाळिशीच्या आसपास असणार. "प्रतीक्षा खरी होती हां," फ्लेक्सवाला म्हणतो, "चहाची." सगळे हसतात. गरीब बाई समोर बसली की चित्रकाराला तिच्यात दुःखच दिसलं पाहिजे, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. अव्वा स्वतः तशी नव्हती. विश्रांतीच्या वेळात ती डाँकी-डाँकीवरून, म्हणजे चित्र काढायला बसायच्या बाकाबाकावरून, फिरायची, बोर्डावरचे कागद बघायची आणि कारखान्यात विड्या तपासणारा नापास विडीला म्हणतो तसं एका शब्दात सांगून टाकायची: "छाट!" पुण्याहून आलेली ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवते. "मला तर म्हणाली होती, काय बे, नाक कुटं हाय माझं?"

अव्वा विड्या वळायची. सोलापुरात पद्मशाली घरांतल्या हजारो बायकांनी हेच केलं. भिजवलेलं तेंदूचं पान मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर मोजतात. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, तासन्‌तास. सर म्हणतात, तिचं स्थिर बसणं तिथून आलेलं होतं. पोज साधारण वीस मिनिटांची असते, मग थोडी विश्रांती. उठण्याआधी पावलांभोवती आणि लुगड्याच्या काठाशी खडूने खूण करायची, म्हणजे मॉडेलला परत तसंच बसता येतं. ज्याने हे कधी केलं नाही त्याला ते फुकटचं काम वाटतं. त्याने दहा मिनिटं एका खुर्चीत हनुवटी न हलवता बसून बघावं. पायाला मुंग्या येतात, मानेत कळ जाते, नेमकं नाक खाजतं. अव्वाला खडूची खूण लागायचीच नाही.

हात मात्र तिला आवरायचे नाहीत. रिकामे असले की अंगठा आणि बोट आपोआप वळायला लागायचे. सरांनी एकदा तिला सूप आणि पानं घेऊनच बसवलं, तर तिने पोजमध्ये खरोखरच विड्या वळल्या आणि एका बैठकीत दोन मजुऱ्या कमावल्या. चित्र कुणाचंच झालं नाही. म्हणून या भिंतीवर बघावं तर हात एक तर पदराखाली आहेत, नाहीतर अर्धवट सोडलेले. फक्त एका हाफ इम्पिरियल कागदावर नुसते हातच आहेत, एकावर एक, पुसून परत काढलेले.

बोलणं 'न्यूड' सिनेमावर येतं. रवी जाधवांचा, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात विवस्त्र बसणाऱ्या मॉडेलची गोष्ट सांगणारा. नोव्हेंबर २०१७मध्ये गोव्याच्या महोत्सवातून माहिती मंत्रालयाने तो काढायला लावला, मग एप्रिल २०१८मध्ये तो थिएटरात आला. जे. जे.त असा वर्ग १९१९च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सुरू केला; शंभरेक वर्षं झाली तरी आपली कुजबुज संपलेली नाही. सोलापुरात अव्वा नऊवारीत बसायची, डोक्यावर पदर, तरी गल्लीत बोलणारे बोललेच.

तिची मुलगी कोपऱ्यात सतरंजीवर बसली आहे. ती आता पहिल्यांदा तोंड उघडते. "आई कालेजात कामाला जाते, एवढंच म्हणायची. आमाला वाटायचं, झाडलोट."

सर गप्प होतात. मग कपाटातून एक जुनी फाईल काढतात. त्यात व्हाउचरं आहेत: 'मॉडेल मानधन', रक्कम, महसुली तिकिटावर तेलुगूत सही. अव्वाचं पूर्ण नाव चित्रकलेच्या जगात एवढ्याच ठिकाणी आहे. भिंतीवरच्या एकाही चित्रावर नाही. चित्रकारांच्या सह्या मात्र सगळ्यांवर आहेत, काही तर चित्रापेक्षा सफाईदार. हे काही सोलापूरचंच नाही. गणपतराव म्हात्र्यांच्या १८९६च्या 'मंदिरपथगामिनी' या शिल्पासमोर उभे राहून म्हात्र्यांचं नाव सांगणारे पुष्कळ. शिल्पातली ती मुलगी कोण, असं विचारणारा विरळा. आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेननी जिचं नाव चित्रांबरोबर गाजवलं ती माधुरी दीक्षित, आणि ती आधीच गाजलेली होती.

फ्लेक्सवाला उत्साहाने सांगतो, मी मोठा बोर्ड करतो, फोटो, नाव, 'भावपूर्ण श्रद्धांजली', चौकात लावू. मुलगी मान हलवते. "चौकात नको, सर. पेपरातपन नको." थोडं थांबून म्हणते, "चित्रामागं लिवा."

मग तसंच होतं. चिमटे निघतात, चित्रं उपडी पडतात आणि प्रत्येक जण आपापल्या कागदामागे तिचं नाव लिहितो. साल आठवत नाही त्यावर वाद होतात. एकाला तिच्या नावातलं एक अक्षर कसं लिहायचं कळत नाही, मुलगी सांगते. शेवटी सर तिला म्हणतात, "ताई, यातलं हवं ते घेऊन जा." ती चेहऱ्यांवरून नजर फिरवते आणि हातांचा कागद उचलते. "तोंड घरात फोटोत हाय," ती म्हणते.

मुलीच्या शब्दाखातर अव्वाचं नाव इथं छापत नाही. पण सोलापुरात जे चित्रकला शिकले, त्यांच्या पलंगाखाली, पोटमाळ्यावर, कपाटामागे तिची चित्रं असणार. दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याची, हमालाची, वॉचमनचीही असतील. ती बाहेर काढा. समोर कोण बसलं होतं ते आठवत असेल तर मागे पेन्सिलीने नाव लिहा. आठवत नसेल तर सरांना विचारा. त्यांची फाईल अजून शाबूत आहे.