धर्माचा रकाना कसा वाचावा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

देशात शेवटची जनगणना २०११ साली झाली. २०२१ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून नवी गणना होणार आहे. तिच्यात प्रत्येकाच्या धर्मासोबत जातही नोंदवली जाईल. जनगणनेत सगळ्या जातींची नोंद याआधी १९३१ साली झाली होती. नवे आकडे हाती येईपर्यंत आपले वाद जुन्याच आकड्यांवर चालणार आहेत. ते चालायलाही हरकत नाही, फक्त आकडे नीट वाचायला हवेत. ‘अमक्या धर्माचे लोक असेच’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. त्याच्या पुष्टीसाठी एखादा आकडाही तोंडावर फेकला जातो. पण त्या आकड्यामागे माणसाचे गाव, वय, शिक्षण, स्थलांतर आणि देशाचा कायदा उभा असतो. या गोष्टी बाजूला ठेवल्या की खरा आकडाही खोटे बोलू लागतो.

गैरसमज : जनगणनेतला धर्म कागदपत्रे पाहून ठरतो.

वस्तुस्थिती : प्रगणक कोणताही दाखला मागत नाही. घरातली व्यक्ती जो धर्म सांगेल तो जसाच्या तसा लिहायचा आणि त्यावर हुज्जत घालायची नाही, अशी त्याला सूचना असते. आडनावावरून किंवा कुटुंबप्रमुखाच्या धर्मावरून बाकीच्यांचा धर्म गृहीत धरता येत नाही, कारण एका घरात दोन धर्मांची माणसे असू शकतात. २०११मध्ये हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहांना ठरलेले क्रमांक होते. बाकी कोणताही धर्म सांगितला तर तो अक्षरी लिहायचा होता. धर्म न सांगण्याचीही मोकळीक होती. ‘धर्म नमूद नाही’ या गटात २००१ साली सुमारे ७ लाख लोक होते, २०११ साली सुमारे २९ लाख. म्हणजे हा आकडा लोकांच्या सांगण्याचा आहे. त्यांच्या श्रद्धेची खोली किंवा देवळा-मशिदीत जाण्याची वारंवारता त्यातून कळत नाही.

गैरसमज : भारतातले बौद्ध म्हणजे मुख्यतः लडाख आणि सिक्कीमचे लोक.

वस्तुस्थिती : २०११ साली देशात ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते. त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार, म्हणजे दर चारांमागे तीनहून जास्त, एकट्या महाराष्ट्रात होते. लडाखमध्येही बौद्ध बहुसंख्य नाहीत. तिथे मुस्लीम सुमारे ४६ टक्के, तर बौद्ध सुमारे ४० टक्के आहेत.

महाराष्ट्राचा हा आकडा एका दिवसापासून सुरू होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९५१च्या गणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ते जवळपास २७ लाख ९० हजार झाले. दहा वर्षांत एवढी वाढ जन्मांमुळे होऊ शकत नाही. ती माणसांनी विचार करून घेतलेल्या निर्णयाची नोंद आहे.

या रकान्यावर कायद्याचाही हात आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुळात मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना पूर्णपणे लागू झाला आणि बौद्धांना १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत ज्याने रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले, त्याला केंद्राच्या सवलती गमवाव्या लागण्याची धास्ती होती. त्यामुळे घरात त्रिशरण-पंचशील, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, पण मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, असे चित्र असंख्य घरांत दिसत राहिले. धर्मांतराने दिलेला आत्मसन्मान आणि जातीच्या दाखल्यावर उभे असलेले मुलाचे शिक्षण यांतून एक निवडायला लावणे हा अन्याय होता. २०११ साली महाराष्ट्रातल्या दर पाच बौद्धांपैकी जवळपास चार जणांनी स्वतःची नोंद अनुसूचित जातीतही केली होती. म्हणून ‘दलित की बौद्ध’ असा प्रश्नच महाराष्ट्रात चुकीचा ठरतो. इथे बहुतेक बौद्ध दोन्ही आहेत.

गैरसमज : मुस्लिमांचा जन्मदर घटत नाही आणि तो धर्मामुळेच जास्त आहे.

वस्तुस्थिती : आधी यातला खरा भाग. मुस्लिमांचा लोकसंख्येतला वाटा वाढला आहे. १९५१ साली तो ९.८ टक्के होता, २०११ साली १४.२ टक्के. हिंदूंचा वाटा ८४.१ वरून ७९.८ टक्क्यांवर आला. पण वाढीचा वेग घटतो आहे आणि तो मुस्लिमांमध्ये अधिक झपाट्याने घटतो आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये एका मुस्लीम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत, हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ मध्ये हे आकडे अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाले. एका पिढीत दोघींमधले अंतर १.१ मुलांवरून ०.४ वर आले. धर्मग्रंथ तेच राहिले, मुलांची संख्या मात्र जवळपास निम्म्यावर आली. बदलले ते मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय, दवाखान्याची सोय आणि बालमृत्यूचे प्रमाण.

प्रदेश बदलला की चित्र कसे पालटते हे याच पाहणीत दिसते. मुस्लीमबहुल जम्मू-काश्मीरचा एकूण जननदर १.४ होता, तर जिथे पाचांपैकी चारहून जास्त लोक हिंदू आहेत त्या बिहारचा ३.०. महाराष्ट्राचा १.७. शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रीला देशात सरासरी २.८ मुले आणि बारावीपर्यंत किंवा पुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. हिंदू आणि मुस्लीम यांच्यातल्या फरकाहून शिकलेली आणि न शिकलेली यांच्यातला फरक मोठा आहे.

मग जननदर उतरूनही संख्या का वाढते? याचे उत्तर वयात आहे. २०११ साली मुस्लिमांत विशीखालचे लोक ४७ टक्के होते, हिंदूंत ४० आणि जैनांत २९. ज्या समाजात लग्नाच्या वयाला येणारी मुलेमुली जास्त, तिथे प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली तरी काही वर्षे एकूण जन्म जास्त राहतात. ही पिढी वयाने पुढे सरकली की वाढ ओसरते. हिंदू समाजातही हेच घडत आले आहे.

गैरसमज : मुस्लीम म्हटला की त्याची मातृभाषा उर्दू.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात २०११ साली सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लीम होते. उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. हे सगळे उर्दूभाषक मुस्लीम आहेत असे धरले, तरी किमान ५४ लाख मुस्लिमांनी दुसरी कोणतीतरी भाषा सांगितली आहे. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मुस्लीम वस्त्यांत बोलली जाणारी कोकणी बोली ऐकली की हा आकडा कुठून आला ते कळते. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी ‘इंधन’ मराठीत लिहिली. त्यांच्या मराठीपणाला कोणाच्या दाखल्याची गरज नाही.

गैरसमज : जैन म्हणजे गुजरातहून किंवा मारवाडातून आलेले व्यापारी.

वस्तुस्थिती : देशातले सर्वाधिक जैन महाराष्ट्रात आहेत. ४४ लाख ५२ हजारांपैकी १४ लाख, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. त्यांतले अनेक व्यापारासाठी इथे आलेल्या कुटुंबांतले आहेत हे खरे. पण कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगावच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या शेती करणारे दिगंबर जैन आहेत. चतुर्थ जैन म्हणजे तर मुख्यतः नांगर धरणारा समाज. ऊस, तंबाखू, सहकारी सोसायटी, दूध संघ हेच त्यांचे जग. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ सालची. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांना एका वसतिगृहात एका पंगतीला बसवले. पेढीवरच्या जैनाइतकाच बांधावरचा जैनही खरा आहे.

गैरसमज : शिकलेल्या आणि सधन समाजात मुलीचा जन्म अधिक सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत बोचरा आहे. २०११ साली जैनांची साक्षरता ९४.९ टक्के होती, देशात सर्वाधिक. स्त्री-साक्षरताही ९३ टक्क्यांच्या घरात. तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८८९. शिखांमध्ये ८२८. मुस्लिमांची साक्षरता ६८.५ टक्के, पण मुली ९४३. ख्रिस्ती समाजात ९५८, बौद्धांत ९३३, हिंदूंत ९१३.

लिहिता-वाचता येण्याने मुलगा हवाच ही ओढ आपोआप जात नाही. उलट, घर लहान ठेवायचे आणि त्यात मुलगा मात्र हवा, अशा वेळी खिशात पैसा आणि जवळ सोनोग्राफी केंद्र असलेल्यांचा हात बेकायदा गर्भलिंगनिदानापर्यंत पोहोचतो. हा आरोप एका धर्मावर करता येणार नाही. बहुसंख्य शीख पंजाबात राहतात आणि पंजाब-हरियाणाच्या पट्ट्यात हिंदू घरांतही मुली कमीच आहेत. प्रश्न त्या प्रदेशातल्या जमिनीच्या वारशाचा, हुंड्याचा आणि कायद्याच्या ढिलाईचा आहे.

गैरसमज : गोवा ख्रिस्तीबहुल राज्य आहे.

वस्तुस्थिती : २०११ साली गोव्यात ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुस्लीम होते. दक्षिण गोव्यातही हिंदू निम्म्याहून जास्त आहेत. १९६१च्या सुमारास गोव्यात ख्रिस्ती एक तृतीयांशाहून अधिक होते. पुढे त्यांचा वाटा घटला, याचे मोठे कारण स्थलांतर. गोवेकर ख्रिस्ती माणूस बोटीवर, आखातात, मुंबईत कामाला जाण्याची रीत जुनीच. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावोगावचे ‘कूड’ आहेत. आपल्या गावच्या माणसाला स्वस्तात खाट मिळावी म्हणून गावकऱ्यांनीच ते चालवले. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, त्यामुळे युरोपची वाटही खुली झाली. दुसरीकडे कामासाठी शेजारच्या राज्यांतून माणसे गोव्यात येत राहिली. कोणी कोणावर मात केली नाही. काही माणसे पोटासाठी बाहेर गेली आणि काही पोटासाठीच आत आली.

गैरसमज : जात फक्त हिंदूंत असते आणि आदिवासींचा धर्म ठरलेला आहे.

वस्तुस्थिती : पंजाबात शीख ५८ टक्के आणि त्याच पंजाबात अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ३२ टक्के, देशातल्या राज्यांत सर्वाधिक. शीख धर्माने जात नाकारली तरी गावची वस्ती आणि जमिनीची मालकी यांनी ती टिकवली. दलित ख्रिस्ती किंवा दलित मुस्लीम मात्र जनगणनेच्या अनुसूचित जातीच्या आकड्यात दिसूच शकत नाही, कारण कायदा त्या धर्मांना तो दर्जा देत नाही. तक्त्यातले ते शून्य कायद्याने आणलेले आहे.

अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. देशात त्यांची संख्या १० कोटी ४३ लाख, तर ‘इतर धर्म’ सांगणारे सगळे मिळून ७९ लाख. त्यांत ‘सरना’ हा आदिवासी धर्म सांगणारे जवळपास ५० लाख. ब्रिटिशकालीन गणनांत आदिवासी श्रद्धांना वेगळे शीर्षक असे. स्वातंत्र्यानंतर ते गेले आणि बहुतेक आदिवासी हिंदू किंवा ख्रिस्ती म्हणून नोंदले गेले. झारखंडच्या विधानसभेने २०२० साली सरना धर्मासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला. रकाना दिला तर किती लोक तो निवडतील, हे रकाना दिल्यावरच कळेल.

पुढच्या वेळी धर्माचा एखादा आकडा समोर आला की चार प्रश्न जरूर विचारावेत. ही माणसे राहतात कुठे? त्यांचे वय काय? त्यांच्या मुली किती शिकल्या? आणि रकान्यात खरे उत्तर देण्याची किंमत कायदा त्यांच्याकडून मागतो का? याची उत्तरे मिळेपर्यंत त्या आकड्यावरून शेजाऱ्याबद्दल मत बनवू नये. आणि २०२७मध्ये प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला, बायकांना आणि सज्ञान मुलांनाही, स्वतःचे उत्तर स्वतः देऊ द्यावे. त्या रकान्यावरचा पहिला हक्क त्यांचा आहे.