रविवार कोणाचा?

खामगावांत थंडी पडूं लागली कीं कापसाचा हंगाम येतो. जलंबपासून येथवरचा सुमारें आठ मैलांचा लोहमार्ग १८७० सालीं सुरू झाला, तोही मुख्यतः या कापसासाठींच. तेव्हांपासून येथील कित्येक घरांचें घड्याळ बाजाराच्या गाड्यांवर चालत आलें आहे.

आमच्या घरचे बंधु एका अडत दुकानांत हिशेब पाहात. हंगामांत ते पहाटे जात आणि मुलें निजल्यावर परतत. एके रात्रीं धाकटा पुतण्या जागा होता. झांकून ठेवलेलें एकटें ताट पाहून त्यानें आजीस विचारलें, "बाबा आपल्याकडे पाहुणे आहेत का?" सारे हंसले, बंधु मात्र हंसले नाहींत.

विसाव्याची मागणी म्हणजे आळस, असें मानणारांनीं थोडा इतिहास आठवावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढें १९४८ च्या कायद्यानें कारखान्यांतील प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरला. माणूस हें यंत्र नव्हे, हें मान्य होण्यास इतकीं वर्षें लागलीं.

परंतु हा रविवार घराच्या कोणत्या दालनापर्यंत पोंचला? आमच्याकडे तो ओसरीवरच थांबला होता. पुरुषमंडळी उशिरां स्नान करीत, स्नेही येत, चहा दोनदां अधिक होई आणि जेवणांत कांहीं गोडधोड लागे. पुरुषांची सुटी ती स्वयंपाकघराची दुप्पट पाळी! अशाच एका रविवारीं थोरल्या वहिनी चुलीपाशीं भोवळ येऊन पडल्या. तीन दिवस अंगांत ताप होता. कोणास कळलें नव्हतें, कारण तीनही दिवस चहा वेळेवर आला होता. त्या दिवशीं आम्हांस आमचीच लाज वाटली.

ही आमच्याच घरची गोष्ट नव्हे. २०१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात. त्यांत हात घालणाऱ्या पुरुषाचीं ९७. या पांच तासांना ना हजेरीपट आहे, ना सुटीचा कायदा.

तेव्हांपासून आमच्या घरीं दोन नियम झाले. रविवारीं रात्रीं खिचडी, आणि ती पुरुषांनीं करावयाची. हंगामांतही आठवड्यांतून दोन दिवस बंधूंनीं दिवेलागणीस घरीं यावयाचें. पहिली खिचडी करपली. आई निमूटपणें जेवल्या. हंगामाच्या ऐन भरांत दुसरा नियम अनेकदां मोडलाही. परंतु तो मोडला म्हणजे आतां घरास तें कळतें. पूर्वीं कळतही नव्हतें.

कामांत कसूर करावी, असें आम्ही म्हणत नाहीं. कामावरच तर घर चालतें. वाचकांस एवढेंच विनवितों: येत्या रविवारीं आपल्या घरांत सर्वांच्या शेवटीं कोण जेवलें, तें पाहावें. त्या व्यक्तीस, "आज तुम्ही बसा, आम्ही वाढतों," असें म्हणावें. कुटुंबाच्या स्वास्थ्याचा आरंभ तेथूनच होतो.